झाकणाच्या आत

३ फेब्रुवारी

सापडला! म्हणजे दादा नाही — दादाचा हात सापडला.

जुन्या सामानाच्या दुकानातून आज एक मुका रेडिओ आणला. दुकानदार काका मला अशी मेलेली यंत्रं देतात, मी ती बोलती करून परत पाठवते आणि ते विकतात. त्यांना माल, मला नाद. मागचं झाकण काढलं आणि स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला. वायर पेटीत शिरते तिथे आतून दुहेरी गाठ, गाठीखाली सायकलच्या ट्यूबची चकती. ‘ओढ बसली तर गाठीला बसू दे, जोडाला नको.’ असं म्हणणारा माणूस मला एकच माहीत आहे. एकोणीस वर्षं त्याचं पत्र नाही, निरोप नाही. आणि आज त्याची गाठ माझ्या टेबलावर!

नवऱ्याला दाखवली. म्हणाला, गाठ काय, कुणीही मारतं. याला काय कळणार? घड्याळात सेलसुद्धा उलटा घालतो.

४ फेब्रुवारी

रेडिओ कुणाकडून आला, काकांना विचारलं. चार पोत्यांबरोबर आला, आठवत नाही म्हणाले. आठवा म्हटलं. बघतो म्हणाले. मी काम करते त्या शाळेच्या प्रयोगशाळेत आज माझ्या हातून दोन काचेची भांडी फुटली.

९ फेब्रुवारी

आज लिहूनच टाकते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी चौदाची, दादा वीसचा. सोल्डरिंग, कथील वितळवून जोड देणं, त्यानेच शिकवलं. मला ‘टिचकी’ म्हणायचा, कारण रेडिओ अडला की मी आधी त्याला टिचकी मारायचे. त्या दिवशी मी एकटीने अॅम्प्लिफायर जुळवला होता. लावला की घराचा फ्यूज उडायचा. तीनदा उडाला. मग मी फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी जाड तांब्याची तार बांधली. अॅम्प्लिफायर वाजला. काय आनंद झाला होता! संध्याकाळी विजेचा दाब वाढला, फ्यूज उडालाच नाही आणि बाबांचा नवा टीव्ही जळला. घरभर धूर.

घरात विजेला हात लावणारा दादा, म्हणून बाबांनी दादालाच धरलं. दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. बाबा नको नको ते बोलले, मग तोही बोलला. सकाळी त्याची पिशवी खुंटीवर नव्हती. सोल्डरिंग आयर्न मात्र माझ्या उशाशी ठेवलेलं.

बाबा गेले तेव्हा त्याला कळवायला पत्ता नव्हता. आईला वाटतं, पोरगा एका टीव्हीपायी गेला. तो माझ्यापायी गेला. मला त्याला एवढंच सांगायचंय. तोंड उघडलं तेही या वहीपुढे.

१२ फेब्रुवारी

रेडिओ वाजायला लागला. कपॅसिटर फुगला होता. आत बघताना कॉइलवर लाल ठिपका दिसला. कॉइल हलू नये म्हणून दादा मेणबत्तीचं मेण लावायचा. आता रंग लावत असेल. एकोणीस वर्षांत माणूस बदलणारच की.

कसा दिसत असेल? केस असतील का डोक्यावर?

१५ फेब्रुवारी

आई आली होती. रेडिओ बघून म्हणाली, “हा शिवणवाल्या बाईंचा ना? गेल्या बिचाऱ्या. मुलांनी सामान काढलं वाटतं.”

मी म्हटलं, हा दादाने दुरुस्त केलाय.

“दादा कुठला? तूच केलास. तुझ्या लग्नाच्या वर्षी, माझ्यासमोर बसून.”

लाल ठिपका — माझं लग्नातलं नेलपॉलिश! दादाकडून शिकलेली गाठ, त्याच्यासारखीच ट्यूबची चकती, पण मेण सापडलं नाही म्हणून त्या दिवशी नेलपॉलिश लावलं होतं. बारा दिवस मी माझ्याच हातावर जीव टाकत होते. आरशात बघून दुसऱ्याला हाक मारावी, तसलं वेड. हसू आलं. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

१६ फेब्रुवारी

काही नाही.

२३ फेब्रुवारी

नवऱ्याला फ्यूजचं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्याने, चिडवलं नाही. म्हणाला, पेपरात जाहिरात देऊ. मी म्हटलं, दादा पेपर वाचत नाही. मग वाचतो काय, म्हणाला.

काहीच नाही. पण घरात आलेली कुठलीही वस्तू, नवी असो जुनी असो, आधी उघडून बघायचा. ‘बंद डब्यावर विश्वास ठेवू नये, टिचकी.’

नवरा चहा ढवळत बसला होता. म्हणाला, “मग तिथेच लिही की. झाकणाच्या आत.”

आणि हा माणूस सेल उलटा घालतो!

१ मार्च

पहिलं झाकण, त्याच शिवणवाल्या बाईंच्या रेडिओचं. पक्क्या शाईने लिहिलं — ‘दादा, फ्यूजमध्ये जाड तार मी घातली होती. टिचकी.’ खाली फोन नंबर. घाईत सहाचा शून्य झाला. खोडून पुन्हा लिहिलं.

१८ जून

सदतीस झाकणं. रेडिओ, इस्त्र्या, दिवे, एक बोलकी बाहुली. काका म्हणतात, माल आता गावोगावी जातो. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते.

२ ऑगस्ट

फोन आला! कुणी मिक्सर दुरुस्त करणारा होता. म्हणाला, “ताई, मी तुमचा दादा नाही. झाकण उघडलं म्हणून विचारतो — भेटला का?” नाही म्हटलं. भेटेल, म्हणाला. अनोळखी माणसाच्या त्या एका शब्दावर आठवडा काढीन मी.

१० ऑक्टोबर

आईला परवा खरं सांगितलं, झाकणांचंही. ऐकून तडक आपल्या घरी निघून गेली. आज आपणहून विचारलं, झाकणं किती झाली? चौसष्ट.

दादा, ये ना रे. शिव्या द्यायला तरी ये.

५ डिसेंबर, गुरुवार

काकांनी एक रेडिओ परत दिला, तोच शिवणवाल्या बाईंचा. गिऱ्हाईक तक्रार करून गेलंय — जोड बरोबर नाहीत, जिने केले तिलाच दाखवा, शनिवारी मी स्वतः न्यायला येतो. घरी लावून पाहिला. ठणठणीत वाजतो.

झाकण उघडलं. माझ्या ओळीखाली पेन्सिलने लिहिलंय — ‘माहीत होतं. बाबांनी बघायच्या आत ती तार मीच काढून खिशात घातली होती. सोल्डर अजून फार लावतेस.’

कॉइलवरचं नेलपॉलिश खरवडून काढलंय. तिथे मेण आहे.