खळ्यावरची खाट

गोंदिया

तीर्थरूप मामाजींना सून नूतनचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

पोहे आणि मोहाच्या टोरीचे तेल मिळाले. ऑटोवाल्याने पिशवीचे वीस रुपये घेतले, ते मी दिले.

काल यांच्या लुळ्या हाताच्या नसांची करंटवाली तपासणी झाली. मी सकाळीच देवाचे नाव घेऊन तुमचे तेल खांद्यापर्यंत चोळले होते, म्हणून मशीनच्या पट्ट्या चिकटेनात. तपासणारी मुलगी म्हणाली, "काकू, हात तपासाले आणला का तळाले?" मग साबणाने धुतला. करंट दिला की बोटे आपोआप उडत. हे म्हणाले, "माह्यं न ऐकणारी बोटं हिचं कशी ऐकून राहिली!"

मांडोदेवीची कृपा, लकवा नाही. खळ्यावर राखणीला झोपताना हात खाटेच्या लाकडावर दबला आणि नस दुखावली. दोन-तीन महिन्यांत हात उचलता येईल म्हणतात.

आता त्याच खाटेवर तुम्ही झोपता, तेही यांच्यासारखाच हात बाहेर टाकून. आजच कडेला गोधडी गुंडाळा. आईंचे गुडघे कसे आहेत?

उत्तर नातीकडून लिहवू नका. उलट टपाली स्वतःच्या हाताने लिहा, म्हणजे तुमचा हात शाबूत आहे हे मला कळेल.

तुमची लेकीसारखी
नूतन