यशोदा पवार ऊर्फ सुनंदा पाटील

जळगाव,
दिवाळीनंतरचा पहिला रविवार, १९८८

सन्मान्य व्याही हिलालआबा यांना लोटन पंडित पाटलाचा दोन्ही हात जोडून रामराम. विहीणबाईंना नमस्कार सांगावा, आणि त्यांचा गुडघा आता कसा आहे ते कळवावं. इकडे आम्हा दोघांच्या तब्येती वयाला शोभतील अशा आहेत. माझं ब्लडप्रेशर थोडं वर आहे. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा, घरात म्हणतात बोलणं कमी करा. दोन्ही प्रयत्न चालू आहेत आणि दोन्हींना सारखंच यश आहे. नात चिंगी पहिलीत गेली. सुकदेवची दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर शिफ्ट ड्यूटी तशीच चालली आहे, त्यामुळे आमचा मुलगा आम्हाला बहुधा झोपलेला दिसतो.

आपला निरोप आमचे किराणावाले रतिलालशेठ यांच्याकडून पावला, त्यालाही आता बरेच दिवस झाले. रतिलालशेठ दर आठवड्याला आपल्या धुळ्याच्या बाजारात माल घ्यायला येतात हे ठीक, पण त्यांच्या हाती निरोप देणं म्हणजे गावात दवंडी देणं. मी तूरडाळ घ्यायला गेलो होतो. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी, आणि शेठजी तराजू हातात धरून खणखणीत आवाजात म्हणाले, "पाटील, तुमचे व्याही म्हणत होते, मी माझी पोर जळगावला दिली होती, मस्कतला नाही." पुढे त्यांनी मस्कतला नर्सांना उंटावर बसून ड्यूटीवर जावं लागतं असंही सांगितलं. (हे आपलं म्हणणं होतं की शेठजींची पदरची भर, हे मला अजून कळलेलं नाही.) मी डाळ तेवढी घरी आणली, निरोप आणला नाही. पण तो माझ्या आधी घरी पोचला होता. आपली लेक सुनंदा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. त्या दिवशी पोळ्या फार पातळ झाल्या.

तेव्हा काय घडलं ते आपल्याला माझ्याच तोंडून कळावं म्हणून हे पत्र. मी जन्मभर जळगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. गाडी कुठून सुटली, कुठे थांबली, हे सांगितल्याशिवाय ती कधी पोचेल ते सांगायची मला सवय नाही. आपण जरा सांभाळून घ्यावं.

सुरुवात सुनंदाच्या वॉर्डातून झाली. ती ज्या खाजगी दवाखान्यात आहे तिथे दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं ठेवायला काचेची एकच पेटी आहे. एका वेळी दोन बाळं आली की एकाला पेटी आणि दुसऱ्याला कापूस, गरम पाण्याच्या बाटल्या आणि सुनंदा. आमची सून कौतुक करून घेणाऱ्यातली नाही, पण एकदा जेवताना म्हणाली की तिकडे मोठ्या इस्पितळांत अशा पेट्यांची रांग असते, ते काम एकदा हाताने करून बघायचं आहे, दोन वर्षं राहून शिकून परत यायचं आहे. पेपरात मस्कतच्या सरकारी इस्पितळांची जाहिरात आली होती, तिने अर्ज केला. मुंबईला मुलाखत झाली. सुकदेव रजा काढून सोबत गेला आणि दाराबाहेर उभा राहिला. आतून तिचं इंग्रजी ऐकू येत होतं. परत आल्यावर मला म्हणाला, "नाना, मला वाटलं आत दुसरीच कोणी बाई आहे." सुनंदाची निवड झाली. मी काहीच बोललो नाही. (मी काही बोललो नाही म्हणजे मला पसंत आहे असं या घरात समजतात. बोललो तर लक्ष देत नाहीत.) चिंगीचं काय, असा प्रश्न निघाला तेव्हा आपल्या विहीणबाई, म्हणजे आमची ही, एवढंच म्हणाली, "मी शे ना आठे. पोर मन्हाजोडे राही." चिंगीला सांभाळायचा विषय तिथेच मिटला.

आणि मग नावाचं प्रकरण निघालं. आबा, आपल्या लेकीचं नाव यशोदा. आमच्या हिचंही नाव यशोदा. एका घरात दोन यशोदा कशा चालतील म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनंदा असं लिहिलं, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जेवलो आणि विसरलो. नर्सिंगचं सर्टिफिकेट लग्नाआधीचं, ते यशोदा हिलाल पवार हिचं. रेशनकार्ड लग्नानंतरचं, त्यावरून काढलेला पासपोर्ट सुनंदा सुकदेव पाटील हिचा. नर्सांची नोंदणी जिथे होते त्या मुंबईच्या ऑफिसात मी आणि सुनंदा गेलो. तिथले कारकून फार सभ्य गृहस्थ. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे बघा, यशोदा पवार नर्स आहेत, पण त्यांना पासपोर्ट नाही. सुनंदा पाटील यांना पासपोर्ट आहे, पण त्या नर्स नाहीत. एकीला काम करता येईल पण जाता येणार नाही, दुसरीला जाता येईल पण काम करता येणार नाही." मी म्हणालो, साहेब, दोघी एकाच खुर्चीवर बसल्या आहेत. ते म्हणाले, मला दिसतंय, पण मला दिसून उपयोग नाही, कागदाला दिसलं पाहिजे. त्यांना काय दोष द्यावा? मीही कधी बिनतिकिटाच्या माणसाला तोंड ओळखीचं आहे म्हणून गाडीत बसू दिलं नाही.

कागदाला दिसावं म्हणून जळगावच्या कोर्टात प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. ओळख पटवायला घरची माणसं हवीत म्हणून मी हिलाही नेलं. (वकील म्हणाले होते, मुलीचे वडील आले तर उत्तम. सुनंदा घाईने म्हणाली, आबांना त्रास नको.) शिपायाने दारात येऊन हाक मारली, "यशोदा!" आणि आबा, आमची ही उठली, पदर सारखा केला आणि थेट साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. तिचं नाव जन्मात पहिल्यांदा सरकारने पुकारलं होतं, ती कशाला मागे राहते? साहेबांनी कागदावरचं वय पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "आपण नर्स आहात?" ही म्हणाली, "इतला वरीस यास्नी सेवा करी राहिनू, मंग नर्स नही ते काय शे मी?" साहेब विदर्भाकडचे होते, त्यांनी अर्थासाठी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग सुनंदा पुढे झाली आणि सगळा उलगडा झाला, तरी साहेबांनी सही करण्याआधी दोघींना दोनदा आपापली नावं विचारली. बाहेर आल्यावर ही रुसली. म्हणाली, सही झालीच असती, "मंग मीच जास मस्कतले." पुढे दोन दिवस घरात चहा मागायचा म्हणजे सिस्टर म्हणावं लागत होतं.

त्यानंतर नाव बदलल्याची जाहिरात पेपरात द्यायची होती. इथल्या एका दैनिकात दिली. मजकूर बरोबर छापला, जागा मात्र चुकली. 'कुमारी यशोदा हिलाल पवार या यापुढे सुनंदा सुकदेव पाटील या नावाने ओळखल्या जातील' हे निधनवार्तांच्या रकान्यात आलं, तेही एका दशक्रिया विधीच्या खाली. लोक पूर्ण वाचतात कुठे? यशोदा, पाटील आणि वर चौकट, एवढं पुरलं. सकाळी आठपासून माणसं येऊ लागली. माझ्या खात्यातले दोन ड्रायव्हर टोपी हातात घेऊन आले. दार सुनंदाने उघडलं, त्यांना बसवलं, पाणी दिलं. एकजण पाणी पिऊन डोळे पुसत तिलाच म्हणाला, "ताई, कशा गेल्या हो?" ती म्हणाली, "अजून जायच्या आहेत, व्हिसा यायचाय." आम्ही त्या दिवशी खूप हसलो. तीही हसली. आपल्याकडे धुळ्याला तो पेपर येत नाही म्हणून मी देवाचे आभार मानले.

आता ज्या गोष्टीचा आपल्याला राग आला आहे ती लिहितो. आम्ही धुळ्याला येऊन गेलो आणि आपल्या घरी आलो नाही. आपल्या शेजाऱ्यांनी आम्हाला पाहिलं हे खरं आहे. नोंदणीच्या ऑफिसला एक शेवटची गोष्ट हवी होती. जिने सुनंदाला शिकवलं अशा कोणी तरी लिहून द्यायचं की हीच ती मुलगी. तिच्या ट्रेनिंगच्या वेळच्या मेट्रन प्रमिलाबाई आता रिटायर होऊन धुळ्यातच देवपुरात राहतात. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आम्ही दारात उभे राहिलो तर त्यांना दोन आकृत्या दिसल्या असाव्यात. मला काळजी वाटली, ह्या ओळखणार कशा? सुनंदा म्हणाली, "नमस्कार मॅडम." बाई म्हणाल्या, "पवार, केस टोपीत घाल." टोपी कुठे होती? पण सुनंदाचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि ती सरळ ताठ उभी राहिली. आबा, आमच्या घरात इतकी वर्षं ती वावरते आहे, पण मी तिला तसं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी लिहून दिलं, चहा दिला, आणि सहज विचारलं, "वडील काय म्हणतात?" सुनंदा म्हणाली, "आबा खूश आहेत." (मी त्या वेळी तुळशीकडे बघत होतो. तुळस चांगली आहे प्रमिलाबाईंची.)

तिथून निघालो ते आपल्या गल्लीकडेच निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथे ती थांबली, म्हणाली नाना, चहा घेऊ. आत्ताच घेतला होता तरी मी घेतला. तिथून आपला ओटा सरळ दिसतो. आपण पेपर वाचत होता, विहीणबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. सुनंदा बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "आबांनी चष्मा बदलला वाटतं." मी म्हणालो, चल ना मग, विचारू. तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "नको नाना, आपली बस जाईल." धुळ्याहून जळगावला दर अर्ध्या तासाने गाडी असते, हे मला सांगायला नको. पण मी म्हणालो, "हो, जाईल." एवढंच घडलं. यात आपला अपमान करायचा तिचा हेतू नव्हता आणि माझाही नव्हता.

गेल्या आठवड्यात मुंबईहून कागद आला. त्यावर यशोदा हिलाल पवार ऊर्फ सुनंदा सुकदेव पाटील असं सगळं एका ओळीत मावत नाही म्हणून दोन ओळींत टाइप केलं आहे. दोघींनाही आता काम करता येतं आणि जाता येतं. हिने देवापुढे पेढे ठेवले, सुकदेव जागा होता, चिंगीने शाळेत सांगितलं. आम्ही सगळे अगदी मजेत आणि शांत आहोत. हे पत्र केवळ आपल्या माहितीसाठी आहे. आमची आपल्याकडून कसलीही अपेक्षा नाही. राग असल्यास तो राहू द्यावा, आपला अधिकारच आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
लोटन पाटील

ता. क. कसलीही अपेक्षा नाही असं वर लिहिलं ते सभ्यपणा म्हणून. मुंबईहून मुलाखत घेणाऱ्यांची तार आली आहे, कधी निघता ते कळवा म्हणून. सुनंदाने कागद आणि तार दोन्ही कपाटात ठेवून दिली आहेत आणि उत्तर पाठवलेलं नाही. सुकदेवने विचारलं, हिने विचारलं, ती म्हणते बघू. काल मी विचारलं तेव्हा भांडी घासता घासता म्हणाली, "सगळ्यांच्या सह्या झाल्या नाना. आबा जा म्हणाले नाहीत अजून." मी हे पत्र लिहितो आहे हे तिला माहीत नाही.

ता. क. दुसरा. हिने पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. कोर्टाचा मजकूर काढून टाक म्हणते. तो मी काढणार नाही. विहीणबाईंना निरोप आहे की येताना कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं पीठ आणावं, इकडच्या गिरणीवर तसं दळून मिळत नाही. आपण येणार आहात असं मी कुठेही लिहिलेलं नाही, हे तिचं तिनेच ठरवलं आहे.

ता. क. तिसरा, आणि हा मात्र आपल्यापुरता ठेवावा. आपण जाऊ नको म्हणालात तर ती जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि खरं सांगू का आबा, सकाळी ती डबा भरून निघते, जाता जाता माझ्या ताटातलं लोणचं उचलून ठेवते, तेव्हा माझ्याही मनात येतं की व्याह्यांनी नाही म्हटलं तर काय बिघडलं? म्हणून आपण लवकर या आणि तिला तोंडाने जा म्हणा, माझा फार भरवसा धरू नका. नंतरही घाईने परत जाऊ नका, महिनाभर राहा. राग गेला नसेल तर तिकडे ओट्यावर बसून एकटे काय रागावता? इथे येऊन समोर बसून रागवा. ती गेल्यावर मला रागवायला माणूस लागणारच आहे, आणि आपल्या विहीणबाईंच्या एकटीच्याने ते काम होत नाही.