वरच्या पातीचा पीळ

आबा, तुमचं शेवटचं धनुष्य मी साताऱ्याला आणलंय. कडेगावचं घर विकण्याआधी माळा रिकामा करत होते, तेव्हा ते गोणपाटात गुंडाळलेलं सापडलं. एसटीत आडवं मावेना म्हणून उभं धरून बसले, तर कंडक्टर म्हणाला, "ताई, कुनावर नेम हाय म्हनायचा?" सगळी गाडी हसली, मीही हसले. त्या आठवड्यात मी कुणाशी मनापासून बोलले असेन तर तेवढंच. ऑफिसातलं 'सही करा' आणि 'उद्या या' मी बोलण्यात धरत नाही. या दोन खोल्यांत एकटी राहायला लागून किती वर्षं झाली, हेही आता मोजत नाही.

आज रविवार आहे. स्वयंपाकाच्या ओट्यावर धनुष्य आहे आणि शेजारी हे कागद. धामणीचं लाकूड अजून चिवट आहे, पुढं वळवलेली दोन्ही टोकं तशीच डौलदार आहेत. मुठीखालची पाती टोकापर्यंत सरळ. वरच्या पातीत मात्र पीळ आहे. दोरी चढवली की ती पातीच्या मधून न जाता डाव्या कडेला सरकते. धनुष्याला याहून मोठा दोष नाही, हे तुमच्याकडूनच शिकले. दोरी कधी निसटेल याचा नेम नसतो.

दारं-खिडक्या करणारा सुतार धनुष्यं करायला लागला तो शाळेत तिरंदाजी शिकणाऱ्या मुलींसाठी, आणि गावाला त्याची कोण गंमत! तुम्ही मात्र त्यात असे रमलात की लोकांच्या चौकटी खोळंबायच्या. पीळ काढायचं काम दोघांचं असायचं, तुमचं आणि माझं. एक सरळ पट्टी मुठीवर आडवी बांधलेली, दुसरी टोकाजवळ. तुम्ही पातीला तेल चोळता, निखाऱ्यावर फिरवून फिरवून तापवता आणि फडक्यात धरून उलट्या बाजूला पिळता. मी टोकापुढं उकिडवी बसते, एक डोळा मिटते आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींशी जुळतात का ते बघते. नुसत्या जुळून भागत नाही. पुढची पट्टी ज्वारीच्या दाण्याएवढी पलीकडं झुकली पाहिजे, कारण हात सोडला की लाकूड तेवढं माघारी येतं.

"आलं का गं?"

"न्हाई अजून."

"आता?"

"आलं, आबा."

मग पाती गार होईपर्यंत तुम्ही हलायचा नाहीत. घाम नाकावरून ओघळायचा, तो मी पदराने पुसायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं लोक माणसांबद्दल म्हणतात. तुम्ही हसून म्हणायचात, "लाकडाचा जातोय, पोरी. मानसाचं मला ठावं न्हाई." पुढं तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचं नाव काढलं की तुम्ही उठून बाहेर जायचात. तेव्हापासून बघायचं ते मीच. तुम्ही माझ्या तोंडाकडं कान लावून बसायचात.

या धनुष्याचा पीळ काढला त्या दिवशी मी तेवीस वर्षांची होते. नोकरीचा कागद आला होता, दुसऱ्या दिवशी साताऱ्यात हजर व्हायचं होतं आणि एसटीला वीस मिनिटं उरली होती. मी नवी साडी नेसून टोकापुढं बसले. तुम्ही दोनदा पाती तापवली, दोनदा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलंत, "आलं का गं?" मी म्हटलं, "आलं." पिशवी उचलली आणि पळाले. जाताना वळून बघितलं, तर तुम्ही पाती धरून तसेच बसलेले, घाम पुसायला कुणी नव्हतं.

चार दिवसांनी शाळेच्या मैदानावर ओढता ओढता दोरी निसटली. मुलीच्या मनगटावर वळ उठला, तिची स्पर्धा हुकली. मास्तर धनुष्य परत घेऊन आले. दारात ठेवलं आणि तसेच माघारी गेले. त्याचंच तुम्हाला जास्त लागलं असणार. शनिवारी मी घरी आले तेव्हा तुम्ही कानस, पट्ट्या, तेलाची बाटली पेटीत भरत होतात. म्हणालात, "माझ्या हातात आता ऱ्हायलं न्हाई. तू तर नीट बघितलं व्हतंस." मी चहा ठेवायला आत गेले. त्यानंतर तुम्ही एकही धनुष्य केलं नाहीत. घरापुढच्या ओट्यावर मांडीवर हात पालथे ठेवून बसायचात, आणि मी दर शनिवारी यायची, तुमचे ते हात बघायची आणि रविवारी परतीची एसटी धरायची.

तुमचे हात चुकले नव्हते, आबा. मी पट्ट्यांकडं बघितलंच नव्हतं. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. हे तुम्हाला सांगायला मला अकरा वर्षं मिळाली होती, आणि तुम्हाला जाऊनही आता सोळा झाली.

मुठीवर आणि टोकाजवळ पट्ट्या बांधून सकाळपासून गॅसच्या मंद आचेवर पाती तापवतेय. पिळायला दोन हात लागतात आणि बघायला समोर माणूस लागतं. कुणाला बोलवावं म्हणून मोबाइलमधली नावं खालपर्यंत सरकवली. प्लंबर, गॅसवाला, ऑफिसातल्या तिघी. 'जरा येऊन एका काठीकडं बघता का' असं म्हणण्याइतकं माझं कुणी नाही. शेवटी मोबाइलच टोकापुढं साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, कॅमेरा चालू करून. त्याच्या काचेत दोन पट्ट्या दिसतात आणि त्यांच्या मागं माझं घामेजलेलं तोंड. दोनदा नाही आलं, परत तापवली. तिसऱ्यांदा पुढची पट्टी ज्वारीच्या दाण्याएवढी पलीकडं गेली. हाताला चटके बसत होते तरी पाती पार गार होईपर्यंत धरून राहिले. मग दोरी चढवली. ती मधोमध आहे.

हे कागद धनुष्याबरोबर त्याच गोणपाटात ठेवते. आलं, आबा. या वेळी बघून सांगतेय.