डाव्या टायरची आतली कड

गौरेश,

टिपरची चावी माझ्याकडे आहे, शोधत बसू नकोस. मी डिचोलीला चाकांच्या अलाइनमेंटवाल्याकडे नंबर लावायला गेलो आहे. वास्कोची आजची खेप होणार नाही, असे सुपरवायझरला फोन करून सांगितले आहे.

काल तन्वीला टायर ओळखायला शिकवत होतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, एवढे तिला लगेच समजले. मग तिने पुढच्या डाव्या टायरवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आजोबा, हा आतूनच बोडका झालाय." पोरीचे बरोबर होते. बाहेरून आत हात नेलास तर तुलाही धार लागेल.

गाडी डावीकडे ओढते म्हणून तू त्यात हवा वाढवलीस ना? हे दुखणे हवेचे नाही. चाक तिरके चालते आहे. बहुतेक चाक सरळ धरणारा टाय रॉड वाकला आहे, आणि तो आपणहून वाकत नाही. भरल्या गाडीत, उतारावर हा टायर फुटला तर स्टिअरिंग तुझ्या हातात राहणार नाही. मी येईपर्यंत स्टेपनी चढवून ठेव. मग दोघे मिळून गाडी हळूहळू नेऊ.

मी तुला काही विचारणार नाही. पण तन्वीने कालच विचारले, "पप्पांनी गाडी कुठे आपटली?" मी म्हटले, पप्पांनाच विचार. ती शाळेतून आली की विचारील. तिला खरे ते सांग.

बाबा