लिफ्टचा मधला मार्ग

३ मार्च, सकाळ
महिना झाला, लिफ्ट बंद. पाचव्या मजल्यावर आम्ही दोघंच, मी आणि आई. तिचे गुडघे गेलेत. ताईला मुलगी झालीय, आईला रविवारी नात बघायला जायचंय. पण बिल्डिंगमध्ये दोन तट. मास्तर म्हणतात, लिफ्ट सगळ्यांची, खर्च सगळ्यांनी सारखा करायचा. दुकानदार म्हणतात, जो वापरेल तो भरेल. दोघेही टोकाचे. इथे माझ्यासारखा मध्यममार्गीच हवा. आईला शब्द दिला: रविवारी लिफ्टने जाशील.

५ मार्च
मास्तरांकडे चहा. त्यांचं पटलं. दुकानदारांकडे सरबत. त्यांचंही पटलं. हीच माझी ताकद. आईने विचारलं, तुझं स्वतःचं म्हणणं काय? तिला राजकारण कळत नाही.

६ मार्च, ऑफिसात
साहेब नाहीत. आराखडा तयार! खर्च सगळ्यांचा सारखा, हा समाजवाद. थांबे मागणीप्रमाणे, हा बाजार. मेकॅनिक म्हणतो, वरचे मजले वगळले तर काम एका दिवसात होईल.

७ मार्च
मागणीचा सर्व्हे केला. चौथा मजला रिकामाच. पाचव्यावरून आई महिनाभर खालीच उतरलेली नाही. लिफ्ट बंद होती हे खरं, पण आकडे ते आकडे. मी जिन्याने जातो, म्हणजे मलाही गरज नाही. निष्कर्ष: तिसऱ्याच्या वर मागणी शून्य. घरच्यांना झुकतं माप देणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

रात्री मीटिंग. ठराव एकमताने मंजूर. मास्तर तिसऱ्यावर राहतात, ते खूश. दुकानदारांचं गोदाम दुसऱ्यावर, तेही खूश. टाळ्या! घरी आल्यावर आईने विचारलं, मग मी तिसऱ्यापर्यंत कशी जाऊ? म्हटलं, संक्रमणकाळ थोडा जड जातोच. ती जेवली नाही. वयामुळे असेल.

८ मार्च
लिफ्ट सुरू. तिसऱ्यापर्यंत काय झकास चालते! उद्या आईला हाताला धरून दोन मजले उतरवणार. त्यासाठी आज व्यायाम करायचा होता, पण अभिनंदनाला लोक येत होते.

९ मार्च, रविवार
चार पायऱ्यांत आई मटकन खाली बसली. मीही बसलो, कंबर धरून. तिने हाका मारल्या. मास्तर आणि दुकानदार धावत आले. खुर्ची आणली, आईला बसवलं, एकाने डावीकडून उचललं, दुसऱ्याने उजवीकडून. मी पुढे होऊन तोल कसा सांभाळावा ते सांगत होतो. दोघेही एकदम ओरडले, आधी मधून बाजूला व्हा!

संध्याकाळी ताईचा फोन आला. त्या दोघांबरोबर आई पोचली, नात मांडीवर आहे. मी विचारलं, आणायला कधी येऊ? आईचा निरोप आला: तू नको येऊस, त्या दोघांना पाठव.