बाबांच्या पायाचं औषध

प्रिय दादा,
तुला आणि वहिनीला नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, एवढं आईला आधी सांग. फोनवर हे सगळं नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितेय.

बाबांच्या पायावरच्या जखमेचे फोटो पाहिले. तू विचारलंस, "तुमच्या प्रयोगशाळेतलं औषध कधी पाठवतेस?"

दादा, जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी आधी घाण साफ करतात, मग नव्या रक्तवाहिन्यांना वाढायचा निरोप देतात. बाबांच्या साखरेमुळे त्या पेशी साफसफाईतच अडकल्यात. आमच्या औषधाने उंदरांमध्ये तो निरोप पोचतो. माणसाला ते अजून दिलेलंच नाही. तरी काल मी प्रयोगशाळेच्या सरांपुढे हात जोडले, औषधाची एक कुपी मागितली.

ते म्हणाले, "वडिलांचं याने काय होईल, तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. कुपी न घेताच परत आले.

आता माझी वाट पाहू नका. हे वाचलंस की ऑपरेशनच्या कागदावर सही कर, डॉक्टर म्हणतायत तसा त्यांना पाय काढू दे. नाहीतर विष अंगभर पसरेल. आई जेवते ना?

बाबा सगळ्यांना सांगतात, मुलगी औषध शोधतेय. त्यांना सांग, शोधतेय, पण त्यांच्या पायाला मी पुरी पडले नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवू देत, तुझ्यावर नको.

तुझी,
धाकटी