सोळापैकी अकरा

३ तारीख, सकाळी ६.१०
आजपासून रोज दोन तास सराव. दाजींच्या बँडमधल्या ड्रमरची बदली झाली. २४ तारखेला नव्या ड्रमरची निवड आहे. ती जागा माझीच, फक्त हे दाजींना अजून कळायचं आहे. ड्रमसेट नसल्यामुळे सोफ्याच्या उशीवर वाजवतो. ताईने उशी परत मागितली. दिली नाही.

४ तारीख
क्लासच्या सरांनी सिक्स्टीन्थ नोट्स शिकवल्या. प्रत्येक ठोक्याचे चार सारखे भाग: एक-ई-अँड-अ, दोन-ई-अँड-अ, असं चारपर्यंत. असे चार ठोके म्हणजे एक बार, म्हणजे एका बारमध्ये सोळा. लोक उगाच बाऊ करतात. शाळा अर्धवट सुटलेल्याला नोटेशन जमणार नाही, असं मला कुणी म्हणालेलं नाही. तरी उत्तर तयार ठेवलं आहे.

६ तारीख, दुकानात
पाट्यांच्या आमच्या दुकानात छापण्याआधी अक्षरं मी तपासतो. आज एका दातांच्या डॉक्टरांना त्यांची पाटी वाचून दाखवताना मधेच ‘तीन-ई-अँड-अ’ म्हणालो. मालक म्हणाले, बरं नसेल तर घरी जा. ज्याच्या अंगात लय नाही त्याला काय सांगायचं!

९ तारीख
मोठा शोध! कागदावर काही ठिकाणी नोटच नसते, नुसती गप्प बसायची खूण असते. सर म्हणतात, तीही मनात मोजायची. पण जिथे वाजवायचंच नाही तिथे मोजायचं कशाला? मी गप्प जागा सरळ गाळून टाकल्या. आता सोळापैकी कधी अकराच मोजावे लागतात, कधी नऊ. श्रम निम्मे. आजवर हे कुणालाच कसं सुचलं नाही?

१२ तारीख
मोबाइलवरचा मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय धरून देणारं ॲप, खराब निघाला. सारखा माझ्या मागे राहतो. काढून दुसरा घेतला. तोही मागे. फुकटच्या वस्तू अशाच.

१६ तारीख
सरांसमोर वाजवलं. कुठे जायची घाई आहे का, असं त्यांनी विचारलं. म्हणालो, छे, आज मला भरपूर वेळ आहे. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. भारावले असावेत.

१९ तारीख
मालकांना सांगून टाकलं की पुढच्या महिन्यापासून अर्धाच दिवस येईन, कारण प्रोग्राम असतील. माझं म्हणणं त्यांनी इतक्या आनंदाने कधीच ऐकलं नव्हतं. दुपारसाठी लगेच दुसरा माणूसही ठरवला. ताई म्हणाली, अरे शहाण्या, आधी निवड तर होऊ दे! बहिणीची माया. अशीच बाहेर पडते.

२४ तारीख, दुपारी १.३०
काय वाजवलं! काय वाजवलं! बत्तीस बारचं गाणं. कीबोर्डवाल्या मॅडमनी चार मोजले आणि मी सुटलो. सगळ्यांच्या आधी संपवलं! पूर्ण दहा बार आधी! शेवटची झांज मारून काठ्या मांडीवर ठेवल्या आणि बाकीचे येईपर्यंत शांत बसून राहिलो. मॅडमनी विचारलं, तुम्हाला बस पकडायची आहे का? किती काळजी करतात ही माणसं! दाजी मात्र आपल्या गिटारच्या तारांकडेच बघत होते. निकाल संध्याकाळी.

२४ तारीख, संध्याकाळी ७
जागा दुसऱ्याला गेली. दाजी म्हणाले, बाबा रे, गप्प जागासुद्धा गाण्यातच असतात. तू त्या गाळल्यास, आम्ही त्यातूनच चालत होतो. ताई म्हणाली, हसू नका हो त्याला! आणि स्वतःच तोंडाला पदर लावून आत गेली.
मालकांना फोन केला. अर्धा दिवस कायम आहे, म्हणाले.

२६ तारीख
आनंदीआनंद! ताईने शब्द टाकला आणि बँडमध्ये मला ट्रँगल मिळाला. लोखंडी सळीचा त्रिकोण, छोट्या दांडीने वाजवायचा. साठ बारच्या गाण्यात एकच ठोका, तोही एक्केचाळिसाव्या बारच्या सुरुवातीला. त्याआधी चाळीस बार गप्प. या वेळी एकही जागा गाळणार नाही. चाळीस गुणिले सोळा, सहाशे चाळीस. सहाशे एक्केचाळिसावर टिंग! ई-अँड-अ मध्ये घोटाळा नको म्हणून सरळ आकडेच म्हणणार, पूर्ण आणि स्पष्ट.

३० तारीख, प्रोग्रामनंतर
हॉल भरलेला होता. पांढरा शर्ट घातला. ओठ न हलवता मोजत होतो. एकशे शहात्तरला शंका आली म्हणून तो दोनदा म्हटला. पुढे कधीतरी दाजींनी भुवई उडवली, मग मान, मग गिटारसकट कोपर. पण मी लक्ष ढळू दिलं नाही.
टाळ्या पडल्या तेव्हा मी पाचशे एकाहत्तरवर होतो.